व्हेनिसचा व्हर्जिल, अप्पा बळवंत चौकातून

अप्पा बळवंत चौकाजवळच्या जुन्या पुस्तकांच्या एका दुकानातून मी १५०१ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या, व्हर्जिल या प्राचीन रोमन कवीच्या काव्यग्रंथाची छायाप्रतिकृती घेतली, आणि गेला महिनाभर ती माझ्या टेबलावरून हललेली नाही. आल्डस मानुशियस या मुद्रकाने फ्रान्चेस्को ग्रिफोकडून कोरून घेतलेल्या तिरप्या टाइपात सबंध छापलेले हे पहिले पुस्तक. त्या काळी अभिजात कवींचे ग्रंथ बहुधा जाडजूड असत आणि मूळ ओळींभोवती टीकाकारांच्या भाष्याची दाटी असे. आल्डसने ते सारे भाष्य वगळून हातात सहज मावेल एवढ्या आकारात केवळ कविता दिली, आणि विद्वत्तेचा ग्रंथ प्रवासातही सोबत नेता येऊ लागला. आपल्याकडच्या पॉकेट आवृत्त्यांचे मूळ शोधणाऱ्याने हे पान एकदा पाहावेच. भिंग लावले की दिसते, अक्षरे तिरपी असली तरी ओळीच्या आरंभीचे मोठे अक्षर सरळ उभे आहे, आणि ते पुढच्या अक्षरांपासून किंचित दूर ठेवले आहे.

छपाई स्वच्छ आहे. कागद मात्र अनावश्यक चकचकीत असून बांधणी इतकी घट्ट आहे की आतला समास शिवणीत गडप होतो. समासाचे मोल जाणणाऱ्या मुद्रकाच्या ग्रंथाबाबत हे मनाला लागते. डॉल्फिन आणि नांगराची प्रसिद्ध मुद्रा, म्हणजे त्याच्या छापखान्याचे बोधचिन्ह, यात शोधू नये, ती आल्डसच्या पुस्तकांवर १५०२ पासून येते. दुकानदारांनी मला तासभर निवांत पाने चाळू दिली, याबद्दल त्यांचे मनापासून आभार.