ब्रॅन्सनला जाणाऱ्यांनो, निम्म्या दराच्या तिकिटांपासून सावध राहा

मिझुरी राज्यातील ब्रॅन्सनला मित्रमंडळींसह सुट्टीसाठी जाण्याचा बेत आखणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे निघण्यापूर्वी वाचावे, म्हणून लिहीत आहे. आमचे २,८३९ डॉलर गेले आहेत आणि २२,४१० डॉलरचे कर्ज आमच्या नावावर चढले आहे. हे सांगताना लाज वाटते; परंतु आम्ही गप्प बसलो तर त्याचा फायदा केवळ फसवणाऱ्यांनाच होईल.

जेमतेम बारा हजार वस्तीचे हे गाव. १९५९ साली बाल्डनॉबर्स या मंडळींनी तेथे कार्यक्रम सुरू केला आणि पुढे शहाहत्तर क्रमांकाच्या हमरस्त्यावर नाट्यगृहांची रांगच उभी राहिली. सकाळपासून रात्रीपर्यंत कोठे ना कोठे संगीताचा, विनोदाचा किंवा जादूचा प्रयोग चालूच असतो. नाटकवेड्या माणसांना याहून अधिक काय हवे, म्हणून आम्ही तीन जोडपी तेथे गेलो. कलावंतांबद्दल आणि नाट्यगृहांबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच रस्त्यावर पर्यटकांना माहिती देण्याच्या नावाखाली तिकिटे विकणाऱ्यांबद्दल.

नाट्यगृहाच्या खिडकीवर एका तिकिटाला ५४ डॉलर पडत होते, म्हणजे सहा जणांचे ३२४. त्या रस्त्यावरच्या अशाच एका दुकानात तीच तिकिटे २५ डॉलरला, म्हणजे १५० डॉलरमध्ये मिळणार होती. शिवाय प्रत्येक जोडप्याने ४० डॉलर अनामत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका रिसॉर्टची माहिती नव्वद मिनिटे ऐकली की ती परत घ्यायची. पुढे टाइमशेअरचे, म्हणजे रिसॉर्टमधली जागा दरवर्षी ठरावीक आठवडे वापरण्याचा हक्क विकण्याचे, आख्यान लागणार हे आम्हालाही कळत होते. ऐकून घ्यायचे, नाही म्हणायचे आणि उठायचे, असे आमचे ठरलेले होते.

जो क्षण मला आजही झोपू देत नाही, तो या दुकानातच येऊन गेला. तिकिटे देणाऱ्या बाईंनी आम्हाला विचारले, तुम्ही विवाहित आहात का, दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न पन्नास हजार डॉलरच्या वर आहे का, आणि क्रेडिट कार्ड कोणते वापरता? नाटकाची खुर्ची विकणाऱ्याला माझ्या उत्पन्नाशी काय कर्तव्य? हा प्रश्न कानावर पडताच तेथून बाहेर पडायला हवे होते. पण बाहेर पाटीवर ‘पर्यटक माहिती’ असे लिहिले होते, हे पर्यटन विभागाचे सर्वेक्षण आहे असे बाईंनी अगदी सहज सांगितले, मागे रांग होती आणि प्रयोग त्याच संध्याकाळी होता. अशा वेळी कोणताही सुशिक्षित माणूस उत्तर देऊन मोकळा झाला असता. तिकीट विकताना कोणी तुमचे लग्न आणि मिळकत विचारू लागला, तर तो तिकीट विकत नसून गिऱ्हाईक निवडत आहे, हे पक्के समजा.

दुसऱ्या दिवशी नव्वद मिनिटांचे चार तास झाले. तिन्ही जोडप्यांना वेगवेगळ्या टेबलांवर बसवले गेले, त्यामुळे एकमेकांचा सल्ला घेणे अशक्य झाले. मित्रांबरोबर गेलात तर वेगळे बसण्यास साफ नकार द्या. टाइमशेअरची किंमत ४८,००० डॉलरपासून सुरू झाली आणि व्यवस्थापक येऊन ‘फक्त आजच्यासाठी’ असे म्हणत ती २४,९०० वर घेऊन आला. न वापरलेले आठवडे आम्ही भाड्याने देऊ आणि त्यातून हप्ता सुटेल, असे विक्रेत्याने दोनदा सांगितले. आम्ही २,४९० डॉलर आगाऊ आणि ३४९ डॉलर कागदपत्रांचे शुल्क भरले. उरलेल्या रकमेवर १७.९ टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत, दरमहा सुमारे ४०२ डॉलरचा हप्ता आणि देखभालीचे वर्षाला १,०८५ डॉलर वेगळे. भाड्याचे आश्वासन करारात कोठेही नाही. उलट, तोंडी दिलेले कोणतेही वचन ग्राह्य धरले जाणार नाही, अशा कलमाशेजारी आमची आद्याक्षरे घेतलेली आहेत.

त्याच रात्री हॉटेलवर हिशेब मांडला आणि व्यवहार रद्द करायचे ठरवले. मिझुरीच्या कायद्यानुसार असा करार पाच दिवसांच्या आत रद्द करता येतो, आणि ते कलम जाड बाडात का होईना, पण होते. मी विक्रेत्याला फोन केला. त्याने अतिशय आपुलकीने सांगितले की पत्र पाठवण्याची गरज नाही, रद्द करण्याची नोंद मी स्वतः करतो. त्यानंतर त्याचा फोन लागेना. मुदत उलटल्यावर कंपनीचा ई-मेल आला की लेखी सूचना वेळेत न मिळाल्यामुळे करार कायम आहे. ही चूक आमची नाही. रद्द करण्याचा कागद कंपनीच्या हाती पडू नये असे ज्याला वाटत होते, त्याच माणसाने आम्हाला तो पाठवण्यापासून रोखले.

यानंतर दाद मागण्याचा जो प्रकार झाला, त्याने फसवणुकीपेक्षाही अधिक संताप आला. पोलिसांनी हा दिवाणी वाद असल्याचे सांगून तक्रार लिहून घेण्यासही नकार दिला. कार्ड देणाऱ्या बँकेने आमच्या सह्यांची प्रत आम्हालाच पाठवून प्रकरण मिटवले. ज्या सरकारी कार्यालयाने ग्राहकांच्या बाजूने उभे राहायचे, त्याने आमचे पत्र कंपनीला पाठवले, कंपनीचे उत्तर आम्हाला पाठवले आणि फाइल बंद केली. फोनवरच्या बनवाबनवीबद्दल कोणीही विक्रेत्याला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. फोन कंपनीच्या बिलात त्या संभाषणाची तारीख, वेळ आणि कालावधी नोंदलेला आहे. तो पुरावा पाहण्याचीही कोणाला इच्छा नव्हती. फसवणूक तोंडी होते आणि दाद मात्र केवळ कागदावर मिळते, तर मग या कार्यालयांचा उपयोग कोणाला?

आमच्यातल्या दुसऱ्या जोडप्यानेही सही केली होती. त्यांना टाइमशेअरमधून सोडवून देतो असे सांगणाऱ्या एकाने ३,९९५ डॉलर आधी घेतले आणि तो बेपत्ता झाला. सुटका करण्यासाठी आगाऊ पैसे मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नका.

तिकिटे नाट्यगृहाच्या स्वतःच्या खिडकीवर किंवा त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच घ्या. कोणी याच आठवड्यात सही केली असेल, तर फोन करत बसू नका. करारात दिलेल्या पत्त्यावर, करार क्रमांक घालून, दोघांच्या सह्यांचे रद्द करण्याचे पत्र आजच टपाल कार्यालयातून सर्टिफाइड मेलने पोहोच-पावतीसह पाठवा आणि टपालाची तारीख असलेली पावती जपून ठेवा.