बिनवायरीचा ब्लोअर-व्हॅक्यूम: आठ महिने वापरल्यावर

अंगणातल्या पाल्यासाठी हे यंत्र घेतलं तेव्हा डोक्यात घरातला व्हॅक्यूम क्लीनर होता. नळी फिरवायची, पानं गडप. तसं काही होत नाही. आठ महिन्यांनी हिशेब मांडते तेव्हा माझं बारा आणे काम फुंकण्यावर चालतं आणि चार आणे ओढण्यावर. जो काही मनस्ताप झाला, तो सगळा त्या चार आण्यांत झाला.

कारण आत पाहिलं की कळतं. फुंकताना पंख्यातून नुसती हवा जाते. ओढताना मात्र प्रत्येक पान, काडी, शेंग आणि चुकून आलेला खडा त्याच पंख्याच्या पात्यांतून चिरडत पिशवीत जातो. एकाच अंगात दोन यंत्रं आहेत असं समजा. पहिलं गरीब गाय, दुसऱ्याजवळ जपून जायचं. विकणारे दोन्ही एका दमात सांगतात म्हणून हे आधी लिहिलं.

माझं यंत्र 36 व्होल्टचं आहे, म्हणजे 18-18 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकदम बसतात. प्रत्येकी 4 अँपिअर-अवर. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केलं की 144 वॉट-अवर येतात. पूर्ण वेगाला मोटर साधारण 700 वॉट ओढते, म्हणजे जेमतेम बारा मिनिटं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेळ सगळ्यात मंद वेगाचा असतो, हे मला पहिल्याच दिवशी अर्ध्या अंगणात उमगलं. आता सुकी पानं मंद वेगावर ढकलते, अर्धा तास सहज निघतो, आणि चिकटलेल्या पानांपुरता वेग वाढवते. दोन बॅटऱ्यांच्या यंत्रात आणखी एक मेख आहे. त्या एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे एक दमली की दुसरीत कितीही जोर असो, यंत्र बंद. मी दोघींवर मार्करने खूण करून ठेवली आहे. जोडी फोडायची नाही, चार्ज दोन्ही एकदम करायच्या.

आता खड्याची गोष्ट. तिसऱ्या महिन्यात कुंड्यांच्या मागचा पाला ओढत होते. खट्ट असा आवाज आला, मग पिशवीत काहीतरी टणकन पडलं. यंत्र चालूच राहिलं म्हणून मीही दुर्लक्ष केलं. दहा मिनिटांत मुठीला मुंग्या यायला लागल्या. थरथर आधीपासून थोडी होतीच, पण आता हात बधिर होईल इतकी. बॅटऱ्या काढून, नळी उतरवून टॉर्चने आत पाहिलं तर प्लास्टिकच्या पंख्याच्या एका पात्याचा कोपरा उडालेला, साधारण करंगळीच्या नखाएवढा. तेवढ्याने फिरण्याचा तोल जातो. तसंच रेटत राहिलं तर बेअरिंग जातं आणि मग पंखा बदलून भागत नाही. तुकडा वॉरंटीत बसत नाही असं उत्तर मिळालं. चूक माझीच, पण पंख्याचा सुटा भाग यायला अडीच आठवडे लागले ही त्यांची. घेताना पंखा धातूचा आहे की प्लास्टिकचा हे जरूर बघा.

तेव्हापासूनची पद्धत: आधी सगळा पाला फुंकून मोकळ्या फरशीवर आणायचा. खडे जड, ते मागे राहतात. मग ढिगावरून एकदा खराटा फिरवून काड्या, खिळे, प्लास्टिकच्या दोऱ्या वेचायच्या. त्यानंतर नळी लावायची, तीही ढिगात खुपसायची नाही, वरून तिरकी धरून कडेकडेने खायला द्यायचं. शेकोटीची राख, अर्धवट विझलेलं काही, सिगारेटचं थोटूक यांतलं काहीही ओढायचं नाही. वाऱ्याने निखारा फुलतो आणि पिशवीत सुका चुरा तयारच असतो.

ओली पानं ही दुसरी डोकेदुखी. दव वाळायच्या आत घाई केली की नळीच्या वाकणात लगद्याचा बोळा बसतो. आवाज चढतो, ओढ संपते. असं झालं की क्रम ठरलेला: स्विच बंद, पंखा पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं, दोन्ही बॅटऱ्या बाहेर, मग नळी. स्विच सोडल्यावरही पंखा काही सेकंद आपल्याच वेगात फिरत राहतो. बॅटरी न काढता नळीत हात घालण्याचा मोह मला दोनदा झाला आहे. दोन्ही वेळा बोळा अगदी समोर दिसत होता, तोच धोका. हात घालायचाच नाही, लाकडी काठीने ढकलायचं. वायरवाल्या यंत्राची पिन काढली की डोळ्यांना दिसते, इथे वीज यंत्राच्या पोटातच असते म्हणून विसर पडतो.

नळी नसेल तर यंत्र सुरूच होऊ नये म्हणून तोंडाशी एक छोटा दाबाचा स्विच असतो. नळीवरचा खुंट त्यावर बसला की मोटर चालू होते. पाचव्या महिन्यात एक दिवस नळी नीट बसवूनही यंत्र हूं की चूं करेना. मला वाटलं मोटर गेली. प्रत्यक्षात त्या स्विचच्या खाचेत पानांचा चुरा दाबून दाबून खडूसारखा घट्ट झाला होता, खुंट पूर्ण आत जातच नव्हता. बॅटऱ्या काढून, जुन्या टूथब्रशने आणि दातकोरणीने दोन मिनिटांत मोकळा झाला. त्या वेळी घरातून सल्ला आला, ‘काडेपेटीची काडी खुपस ना त्यात, चालू होईल.’ होईलच चालू. पण मग उघड्या पंख्यावर झाकण राहत नाही आणि काडी आत आहे हे पुढच्या वेळी कुणाच्या लक्षात राहणार? असले उपाय करू नका.

आवाजाबद्दल. यंत्रावर चिकटवलेला आकडा 102 डेसिबलचा आहे, पण तो यंत्र एकूण किती आवाज सोडतं त्याचा. वापरणाऱ्याच्या कानाशी पोचतो तो पुस्तिकेत आत दिला आहे, माझ्या यंत्राचा 91. नायॉश या अमेरिकी संस्थेची कामाच्या जागेसाठी शिफारस 85 डेसिबलला आठ तासांची आहे आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 91 ला दोन तास. माझ्या बॅटऱ्या तेवढ्या टिकतच नाहीत हे खरं, तरी पहिल्या आठवड्यात संध्याकाळभर कानात शिट्टी वाजत राहिली, तेव्हापासून कानावर मफ असल्याशिवाय हात लावत नाही. शेजारच्यांना मफ नसतात, म्हणून भल्या सकाळी आणि दुपारच्या झोपेच्या वेळी बंद.

डोळ्यांना बाजूनेही झाकणारा चष्मा हवा. भिंतीच्या कोपऱ्यात फुंकलं की सगळं उलट तोंडावर येतं. वाऱ्याकडे पाठ करून फुंकायचं, हे दोन शिंका आल्या की कुणी न सांगता कळतं. मास्क मात्र ओढतानाच जास्त लागतो, कारण पिशवीच्या कापडातून हवा बाहेर पडते ती बारीक धूळ घेऊनच. पिशवी कमरेशी, म्हणजे धूळ नाकाशी. ओढणी, जाकिटाची नाडी, सुटे केस हे सगळं त्या तोंडापासून लांब हवं. मी केस बांधून टोपी घालते आणि ओढणी घरात ठेवून येते. मुलं आणि कुत्रं आत गेल्याशिवाय सुरू करत नाही. फुंकलेला खडा किती लांब जातो ते एकदा खिडकीच्या काचेवर ऐकलं आहे, काच वाचली.

साफसफाई फार नाही, पण लगेच करावी लागते. पिशवी 45 लिटरची आहे. मी अर्धी भरली की रिकामी करते, कारण पुढे ओढ कमी होते आणि खांदाही भरून येतो. काम झालं की पिशवी उलटी करून झटकायची, महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुवायची आणि पूर्ण वाळवायची. एकदा दमट असताना घडी घालून ठेवली, तर आठवड्यात बुरशी आणि कुबट वास. मोटरच्या जाळीवर कोरडा ब्रश पुरतो. यंत्रावर पाण्याचा पाइप धरायचा नाही, पावसात तर बाहेर काढायचंच नाही.

बॅटऱ्या काम झाल्यावर हाताला गरम लागतात. तशाच चार्जरवर लावायच्या नाहीत, आधी निवू द्यायच्या. पंधरवडा वापर नसेल तेव्हा चारपैकी दोन दिवे लागतील इतक्या चार्जवर, सावलीत, यंत्राबाहेर ठेवते. पूर्ण भरून उन्हात किंवा बंद गाडीत ठेवलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. कडाक्याच्या थंडीत, शून्य अंशाखाली, चार्ज करायची नाही. आणि फुगलेली दिसली तर चार्जर विसरा, कचऱ्याच्या डब्यातही नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

ओढण्यातलं सुख एकच, पण मोठं आहे: चुरा. कंपनी दहा पिशव्यांची एक होते म्हणते, माझ्याकडे कडक सुक्या पानांच्या सहाची एक होते, जाड चिवट पानांच्या त्याहून कमी. पण हा चुरा खताच्या ढिगात अख्ख्या पानांच्या मानाने फार लवकर कुजतो. अख्खी पानं एकमेकांना चिकटून थर बनतात आणि आत हवा जात नाही. चुऱ्यात थोडं हिरवं गवत मिसळलं की ढीग दोन दिवसांत आतून गरम लागतो.

सध्याची तक्रार पिशवीच्या चेनची. धूळ बसून तिचे दात सुटायला लागले आहेत, आणि चेन पूर्ण लागली नाही तर चुरा सरळ गुडघ्यावर येतो. मेणबत्ती घासून काही दिवस ढकलले. सुटी पिशवी वेगळी मिळते का हे घेण्याआधी विचारा. मी विचारलं नव्हतं, आता मिळेल तिथून शिवून घेते आहे.