पहिल्या तीन पिशव्या चांगल्या निघाल्या म्हणून फसलो

खेळण्यातल्या गाडीच्या एका सेटमध्ये साडेअकरा हजार गेले. आकडा आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे वाचताना सारखं किती गेले किती गेले होणार नाही. पैशापेक्षा जास्त राग याचा आलाय की मी यात नवीन नव्हतो, पाच-सहा वर्षं झाली प्लॅस्टिकच्या छोट्या विटांच्या गाड्या जोडतोय, लेगोच्या जोडल्या, काडा आणि मोल्ड किंग या चिनी कंपन्यांच्या जोडल्या, ऑफिसमध्ये कोणाला पोरासाठी सेट घ्यायचा असला की पहिला फोन मला येतो. तरी फसलो. खरं तर म्हणूनच फसलो, ते पुढे कळेल.

ज्यांना हे वेड नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्शाच्या मापाच्या गाड्या येतात, आत चालणारा गिअरबॉक्स, वरखाली होणारे पिस्टन, सस्पेन्शन, सगळं. लेगोची बुगाटी शिरॉन २०१८ ला आली, ३५९९ पीसेस, अमेरिकेत ३५० डॉलर. मग २०२० ला लॅम्बोर्गिनी सियान ३६९६ पीसेसची, २०२२ ला फेरारी डेटोना ३७७८ ची. आपल्याकडे येईस्तोवर किंमत अशी होते की बायकोला खरी सांगायची सोय राहत नाही. पण विटेचं मूळ पेटंट १९५८ चं, ते कधीच संपलं, त्यामुळे त्याच मापाचे, ८ मिलिमीटरच्या अंतराने भोकं असलेले पार्ट बाकीच्या कंपन्या उघड बनवतात आणि स्वतःच्या डिझाइनच्या गाड्या विकतात. लेगोचंच डिझाइन जसंच्या तसं उचलून विकणं हा वेगळा धंदा, तो करणाऱ्या लेपिन या चिनी ब्रँडवाल्यांवर २०१९ मध्ये चीनमध्येच धाड पडली आणि पुढच्या वर्षी त्यांच्या मुख्य माणसाला सहा वर्षांची शिक्षा झाली. मी बोलतोय ते सरळ मालाबद्दल. त्यातही गोब्रिक्स म्हणून एक पार्ट बनवणारी कंपनी आहे, तिचे पार्ट हातात घेतले तर डोळे मिटून लेगो कुठला आणि हा कुठला हे मला तरी पटकन सांगता येत नाही. म्हणून आमच्या लोकांत "गोब्रिक्सचे पार्ट आहेत" हे वाक्य म्हणजे हापूसला देवगड म्हटल्यासारखं. आणि देवगडच्या नावाने काय काय विकलं जातं ते तुम्हाला माहीतच आहे.

आता हा माल इथे येतो कसा? सरळ रस्त्याने येणं अवघड झालंय. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांची ६० झाली, २०२३ मध्ये ७० झाली. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यावर आयएसआय मार्क लागतो. त्याच्या आधी नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्सप्रेस ही चिनी शॉपिंग साइट आपल्याकडे बंद झाली, तिथून आम्ही निवांत मागवायचो. मग उरतं काय, तर कोणाच्या तरी ओळखीचा कोणीतरी, जो फोनवर फोटो पाठवतो, अर्धे पैसे आधी घेतो आणि बिल मागितलं की "सर या मालात बिल कुठे असतं" म्हणतो. हे सगळं मला माहीत होतं, आव आणत नाही. बिल नाही, मार्क नाही, पेटी पण नाही, फक्त नंबर टाकलेल्या पिशव्या आणि जोडणीची पीडीएफ. पेटी नसणं हे यात नेहमीचंच आहे, जागा वाचते म्हणून बिनपेटीचाच माल पाठवतात, त्यामुळे तिथे शंका यायचं काही कारण नव्हतं.

या माणसाचा नंबर मला ओळखीतूनच मिळाला. केशरी रंगाची इटालियन सुपरकार, तीन हजारांवर पीसेस, सगळे पार्ट गोब्रिक्सचे, साडेअकरा हजार. मी म्हटलं आधी पार्ट दाखव, मी असं फोटोवर घेत नाही. म्हणाला सर बिनधास्त, उद्या दादरला भेटा, सॅम्पल देतो, घरी नेऊन चेक करा, पटलं तरच पैसे द्या. असं बोलणारा माणूस चोर कसा असेल, हा माझा हिशोब.

संध्याकाळी साडेसातला दादरच्या पुलावर, त्या गर्दीत, त्याने एक झिपची छोटी पिशवी हातात ठेवली. पार्ट एकमेकांना जोडायच्या वीस-पंचवीस काळ्या पिना, पंधरा भोकांचा एक बीम म्हणजे पट्टी, दोन ॲक्सल म्हणजे गिअर बसवायच्या दांड्या, गाडीच्या बाहेरच्या अंगाचं एक केशरी पॅनल. घरी येऊन मी जेवणाआधी तेच घेऊन बसलो. चांगली पिन भोकात जाताना आधी जरा अडते, मग टक् करून बसते, आणि बसल्यावर फिरवली तर फिरते पण सैल पडत नाही, बोटाला घट्टपणा लागतो. तशीच होती. ॲक्सल दोन्ही टोकांना धरून पिळला, पीळ सोडल्यावर सरळ. बीम लेगोच्या बीमला चिकटवून उजेडात धरला, पंधराच्या पंधरा भोकं एका रेषेत. पॅनलवर एक ओरखडा नाही. मी त्याला अर्ध्या रात्री मेसेज केला, डन. दुसऱ्या दिवशी पूर्ण पैसे पाठवले, पूर्ण! यूपीआयवर नाव वेगळंच कोणाचं तरी आलं, विचारलं तर म्हणे वहिनीचं खातं आहे. म्हटलं असेल.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी पार्सल आलं. बारा पिशव्या. मी रोज फोर्टहून भांडुपला पोचतो नऊला, जेवून दहा, मग तासभर जोडायचं, त्यात पण मध्येच उद्याचं डबा-पाणी, पोरीचा अभ्यास. म्हणजे एक पिशवी संपायला दोन-तीन दिवस जातातच. एक नंबरची पिशवी फोडली, सगळं सॅम्पलसारखं. दोन नंबर, तसंच. तीन नंबरमध्ये गिअरबॉक्स सुरू झाला, इतका हलका फिरत होता की मी पोरीला बोलावून दाखवला. आणि मग मी तो गाढवपणा केला ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलोय. मी दीड मिनिटाचा व्हिडिओ काढला, गिअर फिरवून दाखवला, लेगोचा बीम बाजूला ठेवून दाखवला, आणि "क्वालिटी एक नंबर, बिनधास्त घ्या" असं माझ्या आवाजात बोलून त्याला पाठवला. त्याने मागितला पण नव्हता. म्हणजे मागितला होता, पण मागितल्यासारखा नाही, "सर तुमच्यासारख्या जाणकार माणसाचे दोन शब्द मिळाले तर" असं.

चार नंबरची पिशवी फोडली तेव्हा आधी वास आला. नवी प्लॅस्टिकची बादली दुकानातून आणल्यावर येतो तसा. पहिल्या पिना बोटाने ढकलल्या तर सुळकन आत, आणि उलटं केलं तर बाहेर. बाकीच्या इतक्या घट्ट की अंगठ्याला वळ उठला. एकाच पिशवीत दोन्ही प्रकार! मला वाटलं एखादी पिशवी खराब आली असेल. पाच फोडली. मग सहा. केशरी पॅनल बाहेर आलं तर सॅम्पलच्या पॅनलशेजारी ठेवल्यावर एक संत्रं आणि एक गाजर.

पप्पा बाजूला बातम्या बघत होते. एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात टूलरूमला एकतीस वर्षं काढलीत त्यांनी, आता त्या जागी टॉवर आहे. माझ्या या खेळण्यांकडे ते सहसा बघत नाहीत, पण त्या दिवशी मी शिव्या देतोय म्हटल्यावर उठून आले. एक बीम घेतला, कडेवरून नख फिरवलं.

"डाय उतरलीय याची, साचा झिजलाय. हा पापुद्रा बघ, फ्लॅश."

"म्हणजे?"

"दोन भाग नीट मिटत नाहीयेत, फटीतून माल बाहेर येतो. आणि प्लॅस्टिकचा दाणा पण नवा नाही, भंगार दळून घातलंय." मग कपाटातून त्यांचा मापायचा व्हर्नियर काढला, निळ्या मखमली डबीतला, जो आम्हाला लहानपणी हात लावायला मिळायचा नाही. एक नंबरच्या पिशवीतला पंधरा भोकांचा बीम ११९.७ मिलिमीटर भरला. पाच नंबरमधला ११९.१. दुसरा ११९.३. तिसरा परत ११९.१.

मी म्हटलं अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय. पप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझा दहावीचा गणिताचा पेपर आठवला. "गरम असताना डायमधून बाहेर काढलाय, म्हणून आटला. घाई. एकात अर्धा, दोन जोडले की एक. तुझ्या गाडीत किती आहेत?"

झालंही तसंच. सातव्या पिशवीपर्यंत रेटून नेलं मी, कारण मन मानत नव्हतं. चासीची मागची बाजू पुढच्या बाजूला येऊन मिळते तिथे शेवटची दोन भोकं समोरासमोर येईनात. जोर लावून पिन घातली तर बीम वाकला, बीम वाकला म्हणून आतला बारा भोकांच्या लांबीचा ॲक्सल घासायला लागला, आणि तो गिअरबॉक्स, ज्याचं कौतुक मी जगाला दाखवलं होतं, जाम. जरा जास्त फिरवला तर ॲक्सल चकलीसारखा पिळला गेला आणि तसाच राहिला.

मग मी कचऱ्यातून रिकाम्या पिशव्या काढल्या. हे आधी करायला हवं होतं. पहिल्या तीन पिशव्यांना हवेसाठी बारीक बारीक भोकं होती, ओळीत, आणि वरचं सील रुंद, एकसारखं. चारपासून पुढच्या पिशव्यांना भोकं नाहीत, सील एका बाजूला जाड एका बाजूला बारीक, एका कोपऱ्यात तर प्लॅस्टिक जळून पिवळं झालेलं. म्हणजे कोणीतरी घरात बसून हाताच्या सीलरने पॅक केलेल्या. नंबरचे स्टिकर मात्र सगळ्यांवर सारखेच. एका चांगल्या सेटच्या पिशव्या फोडून त्यातल्या पहिल्या तीन एकाला, पुढच्या तीन आकडा बदलून दुसऱ्याला, असं काही करत असेल का? नाही, तसं केलं तर पहिल्या पिशवीचे पार्ट जुळणार नाहीत. मला वाटतं चांगले पार्ट तो सुटे घेतो आणि सुरुवातीच्या पिशव्यांपुरतेच घेतो, पण हा माझा अंदाज, त्याच्या घरी जाऊन बघितलेलं नाही. हिशोब मात्र चोख आहे. कुठलाही माणूस एक नंबरच्या पिशवीपासूनच सुरू करतो. जो जाणकार तो पहिल्या पिशवीचे पार्ट तपासतो, खूश होतो, आणि चारपर्यंत पोचेस्तोवर आठवडा उलटतो.

आणि माल परत घ्यायची त्याची मुदत किती, तर सात दिवस.

मी फोन केला तर उचलला, हे आश्चर्य. म्हणाला सर पार्सल कधी मिळालं, आज किती तारीख. मी म्हटलं तारखेचं सोड, तू चारपासून भंगार भरलंयस. तर त्याने शांतपणे मला माझाच व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं, "सर हा आवाज तुमचाच ना?" त्याच्यावर मला काय बोलायचं सुचेना. दुसऱ्या दिवशी डीपी गायब, म्हणजे ब्लॉक.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला १९३० वर तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर मिळाला. पोलीस स्टेशनला पण गेलो. तिथे ज्यांनी ऐकून घेतलं त्यांनी सगळं नीट ऐकलं, मग विचारलं, खेळणं कोणासाठी? मी म्हटलं माझ्यासाठी. चाळिशीचा माणूस, केस पिकलेले. ते हसले नाहीत हे त्यांचे उपकार. पण मुद्द्याचं बोलले, "माल मिळालाय ना तुम्हाला?" इथेच सगळी मेख आहे. पैसे घेऊन पार्सलच पाठवलं नाही तर सरळ फसवणूक, पण माल मिळालाय, तो तुम्हीच व्हिडिओत चांगला म्हटलाय, बिल नाही, विकणाऱ्याचा पत्ता नाही, खात्यावर तिसऱ्याचं नाव. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर पण बोललो, त्यांनीही पहिल्यांदा बिलच विचारलं. तक्रार अजून चालू आहे, पैसे आलेले नाहीत.

आता मी काय करतो ते सांगतो, पटलं तर करा. पार्सल आलं की सगळ्यात आधी शेवटची पिशवी उघडतो, मग मधली एखादी, पहिली शेवटी. उघडायच्या आधी सगळ्या पिशव्या ओळीने मांडून सीलचा आणि भोकांचा व्हिडिओ काढतो, सलग, कापाकापी न करता. प्रत्येक पिशवीतला सारख्या लांबीचा एकेक बीम घेऊन सगळे उभे जोडून टेबलावर ठोकायचे, एखादा आखूड असला तर बोटालाच कळतो, व्हर्नियर पाहिजेच असं नाही. मोठे पॅनल दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून रंग बघायचा, ट्यूबलाइटखाली सगळं केशरी सारखंच दिसतं. आणि सॅम्पल, ते घ्या, पण त्यावरून सेट कसा असेल याचा काही संबंध लावू नका. सॅम्पल देणारा स्वतःहून गळ्यात पडत असेल तर उलट जास्त सांभाळा. पूर्ण पैसे आधी देऊ नका हे मी सांगायला नको, पण मी दिलेच की.

दिवाळीनंतर एका अनोळखी मुलाचा मेसेज आला, ठाण्याचा. "दादा तुमचा व्हिडिओ बघून सेट घेतला, तुमचा पूर्ण झाला का? माझ्या पाच नंबरच्या पिशवीत पिना बसतच नाहीयेत." कॉलेजला आहे, वर्षभर ट्यूशन घेऊन पैसे साठवले होते. त्याला मी माझ्याकडच्या जुन्या सेटमधल्या पिना आणि बीम काढून दिलेत, मुलुंड स्टेशनला भेटून, जेवढे होते तेवढे. सगळी गाडी होणार नाही त्यात, चासी तरी सरळ उभी राहील.

तेव्हा तुमच्यापैकी कोणाला केशरी गाडीच्या गिअरबॉक्सचा दीड मिनिटाचा व्हिडिओ आला, मागे टीव्हीवर बातम्या ऐकू येतायत आणि एक माणूस "क्वालिटी एक नंबर" म्हणतोय, तर तो मी आहे. तो व्हिडिओ तीन नंबरच्या पिशवीपर्यंतचाच आहे.