पूर आला तर आजारी माणसाला कुठे हलवायचं: शाळेतला निवारा की नातेवाइकांचं घर?

कोल्हापूरकरांना 2019 आणि 2021 चा पूर विसरता येत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. घरात ऑक्सिजनवरचं किंवा डायलिसिसचं माणूस असेल, तर 43 ची वाट बघूच नका.

शाळेतल्या निवाऱ्यात जेवण, औषधं, आरोग्य पथक मिळतं. धडधाकट माणसाला ते पुरतं. पण ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं यंत्र, तासन्‌तास तीनशे-साडेतीनशे वॅट वीज खातं, आणि वर्गात बहुतेकदा एकच प्लग. त्यात दहा जणांचे मोबाइल लटकलेले! शिवाय जमिनीवरच्या सतरंजीवरून गुडघे धरून उठणारी आजी, शौचालय पटांगणापलीकडे.

उंचावरच्या भाच्याच्या घरी पलंग, फ्रिज, कमोड असतो. वीज तिथलीही जाते. ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर सोबत हवाच. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा लागतं, म्हणून घर नदीच्या ज्या काठाला डायलिसिस केंद्र, त्याच काठाला हवं, मधे पूल नको. हे जमत नसेल तर सरळ रुग्णालय गाठा.

माझं मत नातेवाइकांच्या घराच्या बाजूने आहे. पण ज्यांना असं घरच नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक तालुक्यात जनरेटर आणि खाटा असलेला एक तरी निवारा हवा, आणि तो पावसाळ्याआधी ठरलेला हवा.