लाल दिवा दिसला तर बरं: भाड्याच्या घरात फायबर की एअरफायबर

घर ठरलं, अकरा महिन्यांचा करार झाला, शेगडी पेटली. पहिले चार-पाच दिवस मोबाइलच्या हॉटस्पॉटवर निघतात. मग एखाद्या कॉलमध्ये आपला आवाज विहिरीतून आल्यासारखा यायला लागतो आणि माणूस गेटवर जाऊन वॉचमनला विचारतो, "मामा, इथं नेट कुणाचं चालतं?"

हा प्रश्न मी पुण्यात दोनदा विचारलाय. साताऱ्याहून आलो तेव्हा पुनावळ्यात. तिथं एअरफायबर घेतलं, म्हणजे फाइव्ह-जी टॉवरवरून हवेतून घरात येणारं नेट. करार संपल्यावर कर्वेनगरात. तिथं फायबरची तार घेतली, ती अजून आहे. घरं वेगळी, वस्ती वेगळी, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. पण दोन्हींबरोबर पुरेसे दिवस काढलेत.

वेगाबद्दल बोलतच नाही. दोघांच्या घराला दोन्हीकडचा साधा प्लॅन पुरून उरतो. आणि जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तो दोन्हीकडे लागतो.

एअरफायबरचं पहिल्या दिवसाचं कौतुक मात्र करायलाच हवं. पुनावळ्यातली आमची इमारत नवी कोरी. तिथं एकाच केबलवाल्याला आत सोडलेलं आणि त्याची तार आमच्या विंगला 'पुढच्या आठवड्यात' येणार होती. तो आठवडा दीड महिना चालला. जिओनं एअरफायबर आठ शहरांत आणलं ते २०२३च्या गणेश चतुर्थीला, १९ सप्टेंबरला, आणि पुणे त्या आठांत होतं. एअरटेलनं सुमारे दीड महिना आधी दिल्ली-मुंबईत सुरुवात केली होती. मी घेतलं तोवर ते बऱ्यापैकी रुळलं होतं. कुणाचं घेतलं ते सांगत नाही, कारण माझी कुरकुर कंपनीपेक्षा त्या प्रकाराबद्दल आहे. सकाळी दोन पोरं आली, एक गच्चीवर गेला, टॉवरच्या दिशेनं डबा बसवला, आणि दुपारच्या जेवणाआधी नेट चालू. बिनतारी म्हणून घेतलेल्या त्या वस्तूची तार गच्चीवरून चौथ्या मजल्यापर्यंत लोंबत आली, हा भाग वेगळा. घरमालकीणकाकूंनी आधीच बजावलं होतं, "भिंतीला भोक पाडायचं नाही हं." मग ती तार एसीच्या पाइपाच्या भोकातून आत घेतली.

पहिले चार महिने तक्रारीला जागा नव्हती. नंतर संध्याकाळी आठच्या पुढं आवाज तुटायला लागला. माझे अमेरिकेतल्या टीमबरोबरचे कॉल नेमके आठ ते दहा. राउटरवर सगळे दिवे हिरवे. रीस्टार्ट केलं की पाच मिनिटं बरं, मग पुन्हा तेच. तक्रार नोंदवली. माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आला, मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली आणि म्हणाला, "साहेब, फुल येतंय की!" येतच होतं, अकराला. संध्याकाळी मेसेज आला, तक्रार निकाली. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी बायकोनंही विचारलं, "अरे, नक्की नेटच तुटतं ना, की तुझा लॅपटॉप?"

आता कारण काय असेल? टॉवर सगळ्यांचा, संध्याकाळी सगळे एकदम घरी. शिवाय फाइव्ह-जीच्या ३३०० मेगाहर्ट्‌झच्या लहरींना काँक्रीट मानवत नाही, म्हणून तर डबा गच्चीवर लावतात. आमच्या समोर एक इमारत उठत होती. तिचा स्लॅब आमच्या गच्चीच्या वर गेला आणि त्याच सुमारास हे सुरू झालं असा मला दाट संशय आहे. पण संशयच. तो कुणाला दाखवायचा आणि कसा? येणाऱ्या माणसालाही काही सापडत नव्हतं. तो बिचारा डबा दोन बोटं इकडे फिरवायचा, दोन बोटं तिकडे. बंद पडलेलं नेट मला चालतं. चालू असल्याचं सोंग करणाऱ्या नेटनं मात्र डोकं पिकवलं.

कर्वेनगरात आलो आणि तिसऱ्याच आठवड्यात तार तुटली. ओएनटीवर, म्हणजे फायबर ज्या डब्यात येते त्यावर, 'लॉस' नावाचा, सिग्नल गेल्याचं सांगणारा दिवा लाल लुकलुकायला लागला. लाइनमनला फोन केला. त्यानं एकच प्रश्न विचारला, "दादा, लाल दिवा लागलाय का?" हो म्हटलं. "मग तार गेली. येतो." तासाभरात आला. मीटर लावून बघितलं, प्रकाशच येत नव्हता. एरवी आमच्याकडे त्या मीटरवर प्रकाशाची पॉवर मायनस एकोणीस-वीस डीबीएम दिसते. मायनस सत्तावीसच्या खाली गेली की रडगाणं सुरू, हे मला तेव्हा त्यानंच शिकवलं. पावसाळ्याआधीची झाडांची छाटणी चालू होती, कोपऱ्यावरच्या गुलमोहराखाली फांदीबरोबर तारही पडलेली सापडली. स्कूटरवरच स्प्लायसिंगचं, म्हणजे तुटलेली फायबर सांधायचं मशीन उघडून त्यानं जॉइंट मारला. दिवा हिरवा झाला आणि विषय संपला.

प्रामाणिकपणे सांगायचं तर तार एअरफायबरपेक्षा जास्त वेळा पूर्ण बंद पडली. वर्षात पाचदा: दोनदा झाडं, दोनदा ड्रेनेजची खोदाई, एकदा मांडवाचे वासे. एका खेपेला दोन दिवस नेट नव्हतं. एअरफायबर असं पूर्ण कधीच गेलं नव्हतं. कागदावर मांडलं तर तेच जिंकेल कदाचित. पण तार तुटली की सगळ्यांना दिसते. मला, लाइनमनला, ऑफिसातल्या साहेबालाही फोटो पाठवता येतो. कुणाला काही पटवून द्यावं लागत नाही.

तार घेणार असाल तर एक गोष्ट आधी विचारून घ्या. फायबर थेट घरात येणार, की खाली मीटररूममधल्या स्विचपर्यंत (नेट घराघरात वाटणाऱ्या डब्यापर्यंत) फायबर आणि तिथून वर लॅनची, म्हणजे तांब्याची केबल? दोन्हीला 'फायबर'च म्हणून विकतात. पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार; पाणीही बहुतेक त्याच दिवशी बंद आणि महावितरणची कामंही. फायबर घरापर्यंत असेल तर मधल्या स्प्लिटरला (एका फायबरमधला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या डबीला) वीज लागत नाही, घरातल्या ओएनटीला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की गुरुवार निभतो. लॅनवाल्या जोडणीत खालचा स्विच सोसायटीच्या विजेवर असतो. तो झोपला की वर तुमचा यूपीएस नुसता शोभेला. शेजारच्या विंगमधल्या एकांनी असा यूपीएस घेतला आणि पहिल्याच गुरुवारी आमच्याकडे लॅपटॉप घेऊन बसायला आले. एअरफायबरला राउटर आणि गच्चीवरचा डबा दोन्ही घरातल्याच विजेवर चालतात, त्यामुळे यूपीएस थोडा दणकट लागतो, पण चालतो.

तरीही एअरफायबर घेऊच नका असं म्हणणार नाही. इमारत नवी, तार पोचलेली नाही, टॉवर गच्चीवरून सरळ दिसतोय आणि संध्याकाळचं काम नाही, तर डोळे झाकून घ्या. मुक्काम अकराच महिन्यांचा असेल तर आणखीच. फक्त समोरच्या रिकाम्या प्लॉटवर पत्रे लागलेत का, ते एकदा बघा. आणि काहीही घ्या, वर्षाचे पैसे एकदम भरू नका. घर बदललं की नव्या पत्त्यावर 'उपलब्ध नाही' ऐकायला मिळू शकतं आणि उरलेल्या महिन्यांसाठी फोन करत बसावं लागतं. मी बसलोय.

मागच्या रविवारी रात्री साडेनऊला पुन्हा लाल दिवा लागला. लाइनमन म्हणाला, "दादा, आता अंधारात खांबावर नाही चढत, सकाळी येतो." दिव्याचा फोटो काढून टीमच्या ग्रुपवर टाकला, लॅपटॉप मिटला आणि बऱ्याच दिवसांनी दहाच्या आत झोपलो.