कृष्णमूर्ती आणि बोम यांचे १९८० चे संवाद: ऐकावेत का आणि सुरुवात कुठून करावी

माणसाची प्रगती, श्रद्धा, जगण्याचा अर्थ या विषयांवरचे पॉडकास्ट आता इतके झालेत की निवडतानाच जीव थकतो, आणि त्यातले बरेचसे मी अर्ध्यात सोडते कारण दोन्ही माणसं आधीच ठरवून आलेली असतात, एकजण विज्ञानाचा वकील, दुसरा देवाचा, मग दीड तास नुसती वकिली. ज्यांना खरंच काहीतरी वेगळं ऐकायचंय त्यांना मी जे. कृष्णमूर्ती आणि डेव्हिड बोम यांच्यातले १९८० चे संवाद सुचवेन. ऑनलाइन फुकट मिळतात. एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओहायला सुरू झाले आणि त्याच वर्षी पुढे इंग्लंडमध्ये ब्रॉकवुड पार्कला चालू राहिले.

आधी ही दोन माणसं कोण ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय संवादाचं वजन कळत नाही. कृष्णमूर्ती तत्त्वचिंतक, तेव्हा ८४ वर्षांचे. लहानपणीच त्यांना जगद्गुरू ठरवून त्यांच्याभोवती एक मोठी संघटना उभी केली गेली होती, ती त्यांनी १९२९ मध्ये हॉलंडला ओमेन इथे हजारो अनुयायांसमोर स्वतःच बरखास्त केली. बोम भौतिकशास्त्रज्ञ, तेव्हा ६२ वर्षांचे, प्रिन्स्टनला आइनस्टाइनशी त्यांच्या चर्चा व्हायच्या. पण अमेरिकेत कम्युनिस्टांच्या चौकशा चालल्या होत्या त्या काळात त्यांनी समितीसमोर उत्तरं द्यायला नकार दिला, अटक झाली, कोर्टाने निर्दोष सोडलं तरी प्रिन्स्टनने करार वाढवला नाही, मग ब्राझील, इस्रायल आणि शेवटी इंग्लंड. म्हणजे एकाने स्वतःहून गादी सोडलेली आणि दुसऱ्याची नोकरी भूमिकेपायी गेलेली. अशी दोन माणसं प्रगतीबद्दल बोलतात तेव्हा मला ऐकावंसं वाटतं.

पहिल्या संवादाला प्रस्तावना वगैरे काही नाही. कृष्णमूर्ती विचारतात, माणसाने कुठे चुकीचं वळण घेतलंय का. बोम म्हणतात घेतलं असणारच, फार पूर्वी, आणि कुठेतरी वाचलेलं सांगतात की पाच-सहा हजार वर्षांपूर्वी माणसाला दुसऱ्याला लुटणं आणि गुलाम करणं जमायला लागलं तेव्हा हे घडलं. मला वाटलं आता शेती, राज्यं, युद्धं असा इतिहास निघणार. पण कृष्णमूर्ती प्रश्न बाहेरून आत वळवतात. भाषा शिकायला, गाडी चालवायला शिकायला वेळ लागतो, रोज थोडं थोडं जमत जातं, हे बाहेरच्या जगात अगदी बरोबर, पण हाच हिशोब माणसाने मनालाही लावला, आज मी रागीट आहे, हळूहळू शांत होईन, आज मी कुणी नाही, उद्या कुणीतरी होईन, आणि हे जे 'होत राहणं' आहे तिथेच झगडा सुरू होतो कारण जे आहे आणि जे असायला हवं यात माणूस कायमचा ताणला जातो. त्यांच्या मते चुकीचं वळण ते हे.

हा मुद्दा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा पॉज करून बसले. कारण आपण प्रगती म्हणतो तेव्हा दोन गोष्टी एकाच दमात बोलत असतो, औषधं, वीज, दळणवळण सुधारलं ही एक आणि माणूस सुधारला ही दुसरी, आणि पहिलीचा पुरावा बिनधास्त दुसरीसाठी वापरतो. हे संवाद त्या दोन गोष्टी सुट्या करतात. तंत्रज्ञान नको, ज्ञान नको असं कृष्णमूर्ती म्हणत नाहीत, ती तक्रार त्यांच्यावर बरेचजण करतात पण नीट ऐकलं तर ती टिकत नाही.

आता माझी तक्रार. बाहेरच्या प्रगतीला 'हो, ती गरजेची आहे' म्हणून पटकन बाजूला ठेवलं जातं आणि तिच्यात माणसाच्या मनाचा किती वाटा आहे याची चौकशीच होत नाही. ज्या वर्षी हे दोघे बोलत होते त्याच वर्षी, ८ मे १९८० ला, जागतिक आरोग्य परिषदेने देवीचा रोग जगातून संपल्याचं जाहीर केलं. विसाव्या शतकात त्या एका रोगाने सुमारे ३० कोटी माणसं नेली असं मानतात. नैसर्गिकरीत्या झालेली शेवटची लागण १९७७ ची, सोमालियात. आणि ते काम नुसत्या लसीने झालेलं नाही, अमेरिका आणि सोव्हिएत युनियन शीतयुद्धात एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेले असताना या मोहिमेत एकत्र होते, सोव्हिएतांनी लस पुरवली, आरोग्यसेवक दारोदार जाऊन रुग्ण शोधत होते. यात माणसाच्या आत काहीच बदललं नव्हतं? की माणूस जसा आहे तसाच राहून, त्याच भीतीसकट, असं काम करू शकतो? दोन्हीपैकी कुठलंही उत्तर आलं तरी संवाद पुढे गेला असता. पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू १९९० मध्ये वर्षाला साधारण सव्वा कोटी होते, २०२२ मध्ये ४९ लाखांवर आले, ज्यांची मुलं वाचली त्या आईबापांना ही 'बाहेरची' प्रगती आहे असं मी तरी सांगू शकणार नाही. बोमसारखा माणूस समोर असताना हा मुद्दा कुणीतरी लावून धरायला हवा होता असं मला फार वाटतं.

श्रद्धेच्या बाबतीत हे संवाद कडक आहेत, हे आधीच सांगून ठेवते. श्रद्धा म्हणजे विचारानेच तयार केलेला आधार आणि तोच आधार माणसामाणसांत भिंती घालतो ही कृष्णमूर्तींची भूमिका, त्यात सवलत नाही. मी स्वतः श्रद्धावान घरातली, मला ते टोचलं आणि मला ते पूर्ण पटलेलंही नाही, श्रद्धेच्या जोरावर आयुष्यभर दुसऱ्यांची सेवा केलेली माणसं मी पाहिलीत आणि त्यांची श्रद्धा नुसती भीतीतून आलेली होती असं मी म्हणणार नाही. पण एवढं नक्की की ते श्रद्धेची टिंगल करत नाहीत, आणि विज्ञानालाही त्याच मापाने मोजतात.

सगळ्यात श्रीमंत भाग माझ्या मते पुढे येतो, जिथे दोघे 'आधारभूमी'बद्दल बोलतात, म्हणजे मन आणि जड पदार्थ या दोन्हींच्या पलीकडे, ज्यातून सगळं येतं असं काही आहे का. लोक याला देव म्हणत आले हे दोघांनाही माहीत आहे, आणि ही आपल्या विचाराचीच कल्पना नाही कशावरून, ही शंकाही ते मोकळेपणाने घेतात. पण खरा प्रश्न त्यानंतरचा, असं काही असेल तर त्याचा माणसाशी काही संबंध आहे का, की त्याला आपलं काही देणंघेणं नाही? अर्थ शोधणारा प्रत्येकजण शेवटी इथेच येऊन पोचतो. १९३० मध्ये बर्लिनजवळ कापुथला रवींद्रनाथ आणि आइनस्टाइन याच्या जवळपासचंच बोलले होते, सत्य माणसाशिवाय असू शकतं का यावर, पण तिथे दोघे आपापल्या जागी ठाम राहिले. इथे बोम अडतात, शब्द बदलतात, 'म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का' करत पुन्हा मांडतात, आणि कृष्णमूर्तीही मधेच थांबून पहिल्यापासून विचारायला लागतात. उत्तर मिळतं का? मला तरी हातात धरता येईल असं नाही मिळालं. पण प्रश्न किती खोल आहे ते इतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे ऐकायला मिळालं नाही.

मेंदूच्या पेशींवरचा जो भाग आहे, की अंतर्दृष्टीने पेशींमध्येच बदल होतो का, तिथे मी त्यांच्यासोबत जाऊ शकले नाही. दावा मोठा आहे आणि तो तपासायचा कसा, काय मोजायचं, कुणावर, यावर हवी तेवढी चर्चा होत नाही. बोम शास्त्रज्ञ म्हणून इथे जास्त खेचतील असं वाटलं होतं.

ऐकायला सोपं आहे का? इंग्रजी साधं आहे, वेग संथ आहे, बोम फार हळू बोलतात त्यामुळे हेडफोन लावलेले बरे. नंतरच्या काही भागांत तिसरं कुणी मधे बोलतं, तेव्हा लय थोडी तुटते. गाडी चालवताना किंवा काम करता करता ऐकू नका, दोन मिनिटं लक्ष गेलं की धागा सुटतो. ज्यांना भाग संपल्यावर 'हे करा, हे करू नका' अशी यादी हवी असते त्यांची निराशा होईल, आणि नुकतंच कुणीतरी जवळचं गेलंय, धीर हवाय, अशा वेळी मी हे कुणालाच देणार नाही.

अगदी नवीन असाल तर १९८० पासून सुरू करू नका. याच दोघांचे १९८३ मधले ब्रॉकवुड पार्कचे दोन व्हिडिओ आहेत, मानवजातीच्या भवितव्यावरचे, त्यातल्या एकात जाणिवेची उत्क्रांती होते का हाच विषय आहे, ते आधी बघा. चेहरे दिसतात, थांबणं दिसतं, कोण कुठे साशंक आहे ते कळतं. मग १९८० चा पहिला संवाद घ्या, तो जमला तर क्रमाने पुढे जा, मधला उचलून ऐकलात तर शब्द सगळे ओळखीचे वाटतील आणि हाती काही लागणार नाही. आणि शक्य असेल तर एकटे ऐकू नका, ज्याच्याशी या विषयांवर तुमचं जमत नाही असा एखादा मित्र सोबत घ्या. बोम यांनी पुढे २० ते ४० जणांनी गोल बसून, अजेंडा न ठरवता, कुणी नेता न नेमता बोलायची पद्धत मांडली तिची बीजं या संवादांत मला तरी दिसतात. आम्ही एका मैत्रिणीबरोबर पहिला भाग ऐकला, ती पक्की नास्तिक आहे, आणि देवीच्या मुद्द्यावर ती माझ्या बाजूने आणि आधारभूमीच्या मुद्द्यावर माझ्या विरुद्ध इतकी जोरात बोलली की दुसरा भाग आम्ही अजून लावलेला नाही, पहिल्यावरचंच बोलणं चालू आहे.