गावच्या आठवणींचं ध्वनिमुद्रण: बाहेरची संस्था बोलवावी की गावानंच करावं?

जुन्या माणसांच्या तोंडून गावाची हकिकत ध्वनिमुद्रित करून ठेवायची असं गोव्यातल्या एखाद्या मंडळानं ठरवलं, की पहिल्याच बैठकीत प्रश्न निघतो. विद्यापीठाची किंवा एखाद्या संशोधन केंद्राची टीम बोलवायची, की गावातल्याच चार पोरांच्या हाती माइक द्यायचा?

यंत्रांचं आधी उरकून टाकू, कारण तिथे फरक वाटतो तेवढा नाही. एक साधा रेकॉर्डर, तारेचा कॉलर माइक, कान झाकणारा हेडफोन आणि दोन हार्ड डिस्क एवढ्यावर गावाचं काम भागतं. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास, फाइल वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका माइकचा तासभराचा आवाज ५२० एमबीच्या आत बसतो. तोच तास फोनवर व्हिडिओ केला तर सात-आठ जीबी जातात. नवखे लोक चुकतात ते हेडफोन न लावता मुद्रण केल्यानं. पंखा, फ्रिज, पदेराचा (पाववाल्याचा) भोंपू आपला कान सवयीनं गाळतो, माइक गाळत नाही. जून ते सप्टेंबर कौलांवरच्या पावसात बैठका ठेवूच नयेत. बुरशी लागू नये म्हणून उपकरणं सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावीत.

खरा फरक पडतो तो प्रश्न कोण विचारतं यानं. बाहेरचा माणूस ‘पूर्वी शेती कशी करायचे?’ असं विचारतो आणि त्याला शाळेच्या निबंधासारखं उत्तर मिळतं. गावातला पोरगा ‘बांध फुटला त्या वर्षी मानशीवर (पाणी अडवण्या-सोडण्याच्या दारावर) पाळी कोणाची होती?’ असं विचारतो आणि खाजनाचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतीचा, सगळा कारभार बाहेर येतो. पण हीच ओळख आडवीही येते. ‘तुका खबर आसाच मरे’ (तुला ठाऊकच आहे रे) म्हणून म्हातारा वाक्य अर्ध्यावर सोडतो आणि ऐकणाराही मान डोलावतो. मुद्रणात उरते ती फक्त मान डोलावल्याची शांतता. शिवाय समोर भाटकाराचा (जमीनदाराचा) नातू बसला असेल, तर मुंडकाराच्या (त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या) घरातली बाई भाटातल्या वेठीबद्दल काय बोलणार? ते ती परक्यालाच सांगेल. म्हणून जमीन, जात आणि घरातले तंटे असे विषय असतील तर बाहेरचा मुलाखतकार बरा. खाजन, पारध, औषधी पाला, देवाचे मान अशा विषयांना गावातलाच हवा.

ढालोंच्या, म्हणजे बायकांच्या पारंपरिक नाचगाण्यांच्या, बाबतीत मात्र आमचं मत एकतर्फी आहे. पौषातल्या रात्री बायका मांडावर, म्हणजे नाचाच्या ठरलेल्या पवित्र जागी, उतरतात, तिथे परक्या टीमचे दिवे आणि तिकाटणी आली की मांडाचा कार्यक्रम होतो. गावातल्याच एका मुलीनं, मांडावरच्या जाणत्या बाईला विचारून, एका कडेला रेकॉर्डर ठेवावा. शब्द समजून घ्यायचे ते दुसऱ्या दिवशी, मांडाबाहेर.

उलट सांगे तालुक्यातल्या कुर्डीसारख्या गावाला बाहेरचा समन्वयक लागतोच. साळावली धरणात गाव बुडालं, माणसं वाडें, वालकिणीत विखुरली. एकच एक मंडळ सगळ्यांच्या वतीनं बोलू शकत नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरून जुनी जागा उघडी पडते तेव्हा माणसाला तिथे चालवत मुद्रण करावं. खुर्चीत बसून न आठवलेलं जोत्यावर उभं राहिल्यावर आठवतं. उघड्यावर वारा फार, माइकला केसाळ टोपी घाला.

कागदाकडे दुर्लक्ष करू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक ते घडवून आणणारा निर्माता असतो, सांगणारा नव्हे. बाहेरची संस्था आली तर मूळ फाइलची प्रत गावात राहील आणि छापण्याआधी मंडळाला विचारलं जाईल, हे सुरुवातीलाच लिहून घ्या. गाव स्वतः करत असेल तरी मंडळ आणि सांगणारा यांच्यात तसाच कागद हवा. संमती एका ‘हो’वर भागवू नये. सर्वांसाठी खुलं, फक्त गावापुरतं, मृत्यूनंतरच खुलं, असे पर्याय वाचून दाखवावेत आणि उत्तर मुद्रित करावं. १९६४ चा कूळकायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा यांखालचे दावे चालू असलेल्या घरांतलं बोलणं तर इंटरनेटवर टाकूच नये. आजोबांनी सहज सांगितलेली हद्द वकील उचलतो.

पैसा आणि वेळ सर्वात जास्त खातं ते लिप्यंतर, म्हणजे ऐकून शब्दन् शब्द लिहून काढणं. तासभराच्या स्वच्छ मुद्रणाला सहा ते आठ तास धरा, तीन बायका एकदम बोलत असतील तर त्याहून जास्त. सांगणाऱ्यानं कोंकणीत सांगितलं तर कोंकणीतच उतरवा, मराठी भाषांतर वेगळ्या रकान्यात. बाहेरच्या टीमची इथे हमखास गफलत होते. पाणी अडवण्या-सोडण्याचं दार म्हणजे मानस, हे ठाऊक नसलं की ‘मानस उघडली’चं ‘मन मोकळं केलं’ होऊन बसतं.

आम्हाला विचाराल तर लिप्यंतर, संमतीचा कागद आणि, जमीन-जातीसारखे विषय सोडून, प्रश्नही गावाकडे ठेवावेत. साठवण, यादी आणि तिसरी प्रत संस्थेकडे द्यावी. तरी निर्णय होत नसेल, तर एकाच आजीशी दोघांनाही तासभर बोलू द्या आणि दोन्ही लिप्यंतरं तिच्यापुढे वाचा. ती जिथे थांबवून ‘अशें न्हय’ म्हणेल, त्या जागा मोजा.